पलंगाखालची बॅटरी आणि तिच्या वायूची वाट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेम्पो ट्रॅव्हलर किंवा लहान मालवाहू गाड्या घेऊन त्यांचे चाकांवरच्या घरात रूपांतर करणाऱ्या हौशी प्रवाशांविषयी अधूनमधून लेख येतात, आणि ते आवडीने वाचले जातात, यात शंका नाही. या लेखांसोबतच्या छायाचित्रांत ओटा दिसतो, घडीचा पलंग दिसतो, पडद्यांवरची नक्षी दिसते आणि छतावरचे सौर पॅनेलही दिसते. परंतु हे सर्व ज्या वस्तूच्या जोरावर चालते ती बॅटरी कोठेच दिसत नाही, आणि मजकुरातही तिच्या वाट्याला ‘पलंगाखाली इन्व्हर्टरची बॅटरी बसवून घेतली’ एवढे एकच वाक्य येते. हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे.

वाहनांच्या विद्युत जोडणीच्या आणि बॅटऱ्यांच्या देखभालीच्या कामात नोकरीची सर्व वर्षे घालवून मी निवृत्त झालो आहे, आणि अजूनही ओळखीच्या लोकांच्या आग्रहाखातर पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात तयार होणाऱ्या अशा गाड्या पाहायला जातो. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत जे आढळते ते थोडक्यात असे: घरातील दिवे गेल्यावर वापरायची १५० अँपिअर-अवर क्षमतेची उंच ट्युब्युलर बॅटरी, तिच्याभोवती प्लायवूडची नीट बसवलेली बंद पेटी, पेटीतच शेजारी इन्व्हर्टर, वर फोमची गादी, आणि त्या गादीवर रात्री झोपणारी माणसे. सुतारकाम सुबक असते, त्यामुळे चूक आणखीच झाकली जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की, माणसे झोपतात त्या जागेत बॅटरी ठेवायचीच असेल, तर ती कोणत्या जातीची आहे, तिचा वायू कोठून बाहेर जातो आणि बिघाड झाल्यास तिच्यातून निघणारी वीज कोठे तोडली जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरल्याशिवाय सुताराने करवत हातात घेऊ नये.

शिसे आणि आम्ल यांची, पाणी टाकावी लागणारी बॅटरी चार्ज होताना वायू सोडते, हे गॅरेजमधील प्रत्येक पोऱ्याला ठाऊक असते. ‘बॅटरी उकळतेय’ किंवा ‘गॅस मारतेय’ असे तो म्हणतोही. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीचा विजेचा दाब (व्होल्टेज) सुमारे १४.१ ते १४.४ व्होल्टच्या वर गेला की, आत जाणारी वीज शिशाच्या पट्ट्यांवर साठण्याऐवजी आम्लातील पाण्याचे विघटन करू लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन्ही वायू नेमक्या जळायला लागणाऱ्या प्रमाणात बाहेर पडतात. आपण ज्याला ‘पाणी कमी झाले’ म्हणतो आणि ज्यासाठी डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणतो, ते पाणी हवेत याच रूपाने गेलेले असते. घरात ही बॅटरी बहुधा व्हरांड्यात, जिन्याखाली किंवा गॅलरीत असते, भोवती मोकळी हवा असते आणि म्हणून कोणाला काही जाणवत नाही. गाडीतल्या पलंगाखाली मात्र जागा वितभर असते.

येथे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे, कारण नुसत्या ‘काळजी घ्या’ने कोणाचे समाधान होत नाही. चार्जिंग पूर्ण झाल्यानंतरही बॅटरीत जी जादा वीज जात राहते, तिच्या दर अँपिअर-अवरमागे सहा घरांच्या, म्हणजे सहा सेलच्या, बॅटरीतून अडीच ते पावणेतीन लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. समजा, दुपारच्या उन्हात सौर पॅनेलवरून पाच अँपिअर वीज अशीच चालू राहिली, तर तासाला तेरा लिटरच्या आसपास हायड्रोजन तयार होईल. बॅटरी ठेवल्यानंतर प्लायवूडच्या पेटीत फार तर ४०-५० लिटर हवा उरते. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेटू शकतो, म्हणजे या पेटीला धोक्याच्या खालच्या मर्यादेपर्यंत पोहोचायला सुमारे दोन लिटर पुरतात, आणि तेवढे नऊ-दहा मिनिटांत जमतात. पेटी पूर्ण हवाबंद नसते, फटींतून काही वायू निसटतो, हे मान्य आहे. पण ज्या फटीतून तो निसटतो ती गादीखाली, म्हणजे गाडीच्या आतच उघडते. त्याला पेटायला ज्योतच लागते असेही नाही. पेट्रोलच्या वाफेला लागते त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाची ऊर्जा त्याला पुरते, आणि ती इन्व्हर्टरमधील रिले, पाण्याच्या पंपाचा स्विच, फ्रिजचा थर्मोस्टॅट किंवा सैल झालेले टर्मिनल यांच्या ठिणगीतून सहज मिळते.

माझा उद्देश घबराट पसरवण्याचा नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. संपूर्ण गाडीची केबिन हायड्रोजनने भरून स्फोट होईल, असे एका बॅटरीमुळे सहसा घडणार नाही. केबिनमध्ये हजारो लिटर हवा असते आणि हा वायू फार वेगाने पसरतो. धोका पेटीत आणि बॅटरीच्या झाकणाखाली असतो. तेथे भडका उडाला की बॅटरीचे कवच फुटते आणि गंधकाम्ल तुकड्यांसह अंगावर, विशेषतः डोळ्यांत उडते. कारखान्यांत बॅटरी विभागात चष्मा सक्तीचा असतो आणि डोळे धुण्याचा नळ हाताशी असतो, तो याचसाठी. डोळ्यांत आम्ल गेल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे सतत स्वच्छ पाण्याने धुऊन मगच दवाखाना गाठायचा असतो. गाडीतील पाण्याची टाकी रिकामी झाल्यावरही पिण्याच्या पाण्याचा एक कॅन बाजूला राहिला पाहिजे, तो या कारणासाठीसुद्धा.

आता उपाय. पाणी टाकण्याची बॅटरी गाडीत ठेवूच नये, हे माझे पहिले आणि स्पष्ट मत आहे. घरगुती ट्युब्युलर बॅटरी एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते. वरंधा किंवा आंबोलीसारख्या घाटात गाडी कलंडत जाताना तिच्या बुचांतून आम्ल पाझरते, खड्ड्यांच्या दणक्यांनी आतील पट्ट्यांचा चोथा गळतो, आणि पत्र्यावर आम्ल पडले की दोन पावसाळ्यांत तेथे चाळण होते. शिवाय अशा बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे १५ ते २२ अँपिअरच्या आसपास चार्जिंग सोसते. गाडीच्या आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची, तार सरळ आणून जोडली, तर रिकाम्या बॅटरीत याच्या दुप्पट-तिप्पट वीज शिरू शकते. तरीही पैशाच्या कारणाने किंवा हाताशी असलेली बॅटरी वाया जाऊ नये म्हणून कोणी ती बसवणारच असेल, तर तिची पेटी केबिनच्या बाजूने पूर्ण बंद आणि बाहेरच्या बाजूने उघडी असली पाहिजे. पेटीच्या तळाजवळ बाहेरून हवा येण्यासाठी एक तोंड, आणि पेटीच्या सर्वांत उंच कोपऱ्यातून निघून सतत चढत बाहेर जाणारी दुसरी नळी, अशी रचना लागते. कारण हायड्रोजन हा वायूंमध्ये सर्वांत हलका आहे आणि तो वरच्या कोपऱ्यातच साचतो. नळी मध्येच खाली झुकली तर तिच्या वळणात पाणी साचते आणि वाट बंद होते. बाहेरच्या तोंडाला जाळी हवी, कारण कुंभारमाशीला अशी नळी फार आवडते. पेटीच्या तळाशी आम्लाने न खाल्ला जाणारा प्लास्टिकचा ट्रे आणि गाडीत खाण्याच्या सोड्याचे एक पाकीट, एवढे केले की सांडलेल्या आम्लाचीही सोय झाली. इन्व्हर्टर, फ्यूज, स्विच आणि चार्जर मात्र त्या पेटीच्या बाहेरच राहिले पाहिजेत, याला कोणताही अपवाद नाही.

याच ठिकाणी एक गोंधळ मी वारंवार पाहिला आहे. त्याच गाडीत स्वयंपाकाच्या गॅसची टाकीही असते, आणि एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असल्यामुळे तिच्या कप्प्याला छिद्र तळाशी पाडावे लागते. कारागीर दोन्ही कप्प्यांना एकाच प्रकारचे छिद्र पाडून मोकळा होतो, आणि कधीकधी तर जागा वाचवण्यासाठी दोन्ही वस्तू एकाच कप्प्यात ठेवतो. एका वायूला वरून वाट हवी आणि दुसऱ्याला खालून, आणि बॅटरीच्या तारेची ठिणगी दोन्हींपासून दूर हवी. म्हणून हे कप्पे वेगळेच असले पाहिजेत, शक्यतो गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंना.

गाडीच्या तळाला किंवा बाजूला छिद्र पाडताना ते कोठे उघडते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि याची आठवण डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे घडलेल्या घटनेने सर्वांनाच राहायला हवी. तेथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातील छिद्रातून आत शिरल्याचा निष्कर्ष नंतर कालिकतच्या एनआयटीतील (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील) तज्ज्ञांच्या तपासणीतून पुढे आला. ती घटना बॅटरीची नव्हती, हे खरे. पण वायुवीजनाच्या नावाखाली पाडलेले छिद्र सायलेन्सरच्या किंवा जनरेटरच्या धुराजवळ उघडले, तर हायड्रोजन बाहेर जाण्याच्या वाटेनेच विषारी धूर आत येतो. बॅटरीच्या नळीचे तोंड धुराच्या नळीपासून, खिडकीपासून आणि डिझेल हीटरच्या तोंडापासून दूर असावे, आणि पेटी केबिनच्या बाजूने खरोखर बंद आहे की नाही हे झाकणाच्या कडेने उदबत्ती फिरवून पाहावे. ही परीक्षा बॅटरी बसवण्यापूर्वी, रिकाम्या पेटीवर करावी, हे वेगळे सांगायला नको.

‘आम्ही तर मेन्टेनन्स-फ्री बॅटरी घेतली आहे’, असे उत्तर पुष्कळदा मिळते. एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले) किंवा जेल (आम्ल घट्ट केलेले) प्रकारच्या बंद बॅटऱ्यांत तयार झालेले वायू आतल्या आत पुन्हा पाण्यात रूपांतरित होतात आणि नेहमीच्या वापरात जवळजवळ काहीही बाहेर येत नाही, त्यामुळे गाडीसाठी त्या ट्युब्युलरपेक्षा कितीतरी बऱ्या आहेत. परंतु त्यांच्यावरही प्रेशर कुकरसारखा एक सुरक्षा-झडपेचा बंदोबस्त असतो, आणि चार्जरचा दाब चुकीचा लावला गेला किंवा एखादे घर आतून शॉर्ट झाले, की ती झडप उघडून हायड्रोजन बाहेर येतो. अशा वेळी सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो स्वतःच विषारी आहे. चार्जिंग सर्व बाजूंनी बंद करून, दारे उघडून गाडीबाहेर पडावे, वाकून वास कोठून येतो ते पाहत बसू नये. आणि चार्जर चालू असताना बॅटरीचे टर्मिनल कधीही सोडू नये. आधी चार्जर बंद, मग थोडा वेळ हवा खेळू द्यायची, मग पाना.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. चार्जरवर छापलेले १४.४ व्होल्ट हे २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असतात. नागपूर किंवा चंद्रपूरकडे मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीचे तापमान ४५ अंशांवर सहज जाते, आणि शिसे-आम्ल बॅटरीसाठी दर अंशामागे, दर घरामागे तीन ते पाच मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. सहा घरे आणि वीस अंशांचा फरक धरला, तर सुमारे अर्धा व्होल्ट, म्हणजे १३.९ च्या आसपास थांबायला हवे. ज्या चार्जरला बॅटरीवर चिकटवायचा तापमापक नसतो, तो बिचारा १४.४ लाच चिकटून राहतो आणि बॅटरी दिवसभर वायू सोडत बसते. म्हणून तापमापकाची ती बारीक तार सौर चार्ज कंट्रोलरच्या खोक्यात न उघडलेल्या पिशवीत पडून राहिलेली दिसली की मला त्या कारागिराच्या उरलेल्या कामाविषयीही शंका येते.

लिथियम बॅटऱ्यांकडे आता लोक वळू लागले आहेत, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची बॅटरी गाडीतील घरासाठी आज उपलब्ध पर्यायांत सर्वांत योग्य आहे, असे माझेही मत झाले आहे. ती चार्ज होताना वायू सोडत नाही, वजनाला तेवढ्याच क्षमतेच्या शिशाच्या बॅटरीच्या जवळपास निम्मी किंवा त्याहून हलकी असते, आणि बऱ्याच विजेवरच्या मोटारगाड्यांत वापरल्या जाणाऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनापेक्षा उष्णतेला अधिक शांतपणे सामोरी जाते. यावरून तिला हवा लागतच नाही, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. घर बिघडले, चिरडले गेले किंवा अति चार्ज झाले तर तिच्यातूनही हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर ज्वालाग्राही व विषारी वायूंचा पांढरा ढग निघतो. तेव्हा तिलाही केबिनपासून वेगळी, बाहेरच्या बाजूला वाट असलेली पेटी द्यावी. शिशाच्या बॅटरीत ही वाट रोजच्या वापरासाठी असते आणि लिथियमच्या बाबतीत ती एखाद्या वाईट रात्रीसाठी असते, एवढाच फरक.

लिथियममधील खरा फसवा भाग म्हणजे स्वस्त जुळणी. निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चार सुटी घरे आणून, पट्ट्यांनी जोडून, चिकटपट्टी गुंडाळून ‘१२ व्होल्ट तयार’ म्हणणारे लोक आता प्रत्येक मोठ्या बाजारात आहेत. अशा बॅटरीत बीएमएस, म्हणजे प्रत्येक घराचा दाब, तापमान आणि विजेचा प्रवाह पाहून गरज पडल्यास जोडणी तोडणारे मंडल, आहे का, आणि त्याची क्षमता इन्व्हर्टरच्या मागणीइतकी आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बीएमएसने शून्य अंशाखाली चार्जिंग थांबवले पाहिजे, ही अट महाराष्ट्रात निरर्थक वाटते. पण येथील कित्येक गाड्या तयार होताच लेह किंवा स्पितीची वाट धरतात, आणि गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास घराच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसून पुढे कधीतरी अंतर्गत शॉर्ट होण्याची बीजे पेरली जातात. आल्टरनेटर आणि लिथियम यांच्यामध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे ठरलेला दाब आणि मर्यादित वीजच पुढे जाऊ देणारे उपकरण, असलाच पाहिजे. तो नसेल तर लिथियम एवढी वीज ओढते की आल्टरनेटर तापून जळू शकतो, आणि बीएमएसने चालत्या गाडीत अचानक जोडणी तोडली तर दाबाचा जो झटका बसतो त्यात गाडीचीही इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतात. सौर कंट्रोलरवर शिशाच्या बॅटरीसाठी असलेला ‘इक्वलायझेशन’चा, म्हणजे मुद्दाम जादा दाबाने चार्ज करण्याचा, टप्पा लिथियमसाठी बंद करणे ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, आणि ती राहून गेलेली असते.

वायूविषयी एवढे लिहिले तरी, अशा गाड्यांत आगीचे अधिक साधे कारण तार आणि फ्यूज हेच असते. गॅस नको म्हणून इंडक्शन शेगडी घेण्याची पद्धत वाढली आहे. २००० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १८० अँपिअरच्या घरात वीज ओढते, हे ऐकून बहुतेक मालक चकित होतात, कारण घरात तीच शेगडी नऊ अँपिअरवर चालते. घरगुती वायरिंगच्या अंदाजाने टाकलेली तार येथे काही मिनिटांत चटका बसेल एवढी तापते. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वितभर अंतरातच, तारेच्या जाडीला साजेसा फ्यूज हवा. तो इन्व्हर्टरजवळ बसवला तर मधली सर्व तार उघड्यावर राहते. शिशाची वायू सोडणारी बॅटरी असेल तर हा फ्यूज पेटीच्या भिंतीला लागूनच, पण बाहेरच्या अंगाला बसवावा आणि तार रबरी ग्रोमेटमधून घट्ट काढावी. लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर ओतू शकते, म्हणून तेथे टी वर्गाचे, एवढा मोठा प्रवाह खरोखर तोडू शकणारे फ्यूज वापरतात. काचेचे किंवा चपटे स्वस्त फ्यूज वितळतात, पण आतील ठिणगी चालूच राहते. घरच्या पॅनेलमधील एसी एमसीबी (बिघाडात आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या डीसी विजेवर लावणे हा तसाच प्रकार आहे, कारण एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते आणि ठिणगी आपोआप विझते, डीसीमध्ये ती सवलत नसते. लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारे धातूचे जोड, हातोडीने ठोकून नव्हे, तर हायड्रॉलिक क्रिम्पिंगने बसवावेत, आणि पहिल्या लांबच्या प्रवासानंतर प्रत्येक नट पुन्हा पाना लावून पाहावा.

बॅटरीची जागा ठरवताना वजन आणि दार, या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. एक ट्युब्युलर बॅटरी ५० ते ६० किलोंची असते. धडकेत शरीराला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दहापट धरला, तरी ती ५०० ते ६०० किलोंच्या जोराने पुढे जाऊ पाहते, आणि तेव्हा प्लायवूडचे स्क्रू किंवा रबरी दोऱ्या तिला अडवू शकत नाहीत. चासीला किंवा फ्लोअरच्या क्रॉस-मेंबरला बोल्ट केलेली लोखंडी चौकट आणि वरून दाबपट्टी, हेच योग्य. दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक गाड्यांत पलंग मागच्या दारावर आडवा टाकलेला असतो, त्यामुळे ते दार आतून निकामी होते. बॅटरी पलंगाखाली, आणि उरलेल्या सरकत्या दाराशेजारी गॅसची शेगडी. रात्री बॅटरीतून धूर निघाला तर झोपलेल्या माणसाला आगीवरून, शेगडीजवळून बाहेर पडायचे आहे. मला विचाराल तर बॅटरी ड्रायव्हरच्या मागील सीटखाली, शक्यतो गाडीच्या मधोमध, आणि झोपणाऱ्याच्या डोक्यापासून सर्वांत दूर असावी, आणि मागचे दार आतून उघडेल अशीच पलंगाची रचना करावी. कोकणातील पावसात चिखल उडणाऱ्या चासीखाली पेटी टांगणे हा तोडगा काही जण काढतात. तो चुकीचा नाही, परंतु तेथे पाण्यापासून, दगडांपासून आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून संरक्षण देण्याचा खर्च बॅटरीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी दोन छोटी उपकरणे प्रत्येक गाडीत हवीत. शिशाची बॅटरी जोरात चार्ज होत असताना कार्बन मोनॉक्साइडचे उपकरण धूर नसतानाही वाजू शकते, कारण त्यातील संवेदक हायड्रोजनलाही थोडाबहुत प्रतिसाद देतो. लोक ते सदोष समजून काढून ठेवतात. वास्तविक ते वाजले, आणि इंजिन, जनरेटर, शेगडी, हीटर असे धूर सोडणारे जवळपास काहीच चालू नाही याची खात्री झाली, तर बॅटरीची पेटी केबिनमध्ये गळते आहे, हे त्याने फुकटात सांगितले असे समजावे. आग विझवण्याचे नळकांडे दाराजवळ असावे, पण लिथियम पेटली तर पावडरने ज्वाला दबते आणि आतील उष्णता तशीच राहून पुन्हा भडका उडतो. तिला थंड करायला पुष्कळ पाणी लागते, जे गाडीत नसते. म्हणून अशा वेळी गाडी वाचवण्याच्या भानगडीत न पडता सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलावणे, एवढेच करण्यासारखे आहे.

शासनाविषयीही थोडे लिहितो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते स्वागतार्ह होते. गाड्या उभ्या करण्याची जागा, पाणी, सांडपाणी, वीज, स्वच्छतागृह यांचा विचार त्यात झाला. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानकही देशात आहे, आणि त्याविषयीचे जाणकार पुण्यातच, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत बसतात. परंतु गल्लीतील गॅरेजमध्ये तयार होणाऱ्या गाड्यांपर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, या भीतीने मालक गाडी तपासणीला नेताना पलंग आणि बॅटरी काढून ठेवतात व नंतर पुन्हा बसवतात. परिणामी जी वस्तू सर्वांत जास्त तपासायला हवी तीच तपासनिसाच्या नजरेला पडत नाही. केवळ दंडाने हे सुटणार नाही. परिवहन आणि पर्यटन विभागांनी मिळून, ठरावीक जुळणीच्या, ठरावीक मर्यादेतील बॅटरी-व्यवस्थेला परवडणाऱ्या शुल्कात तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केली, तर लपवाछपवीचे कारणच उरणार नाही. भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांना तर ही तपासणी बंधनकारक असावी, कारण त्यात झोपणाऱ्या कुटुंबाला पलंगाखाली काय आहे हे विचारायचेही सुचत नाही.

तोपर्यंत गाडी बनवून घेणाऱ्याने गॅरेजच्या बिलावर बॅटरीचे रसायन, क्षमता, चार्जरचा ठरवलेला दाब, मुख्य फ्यूजचा आकडा आणि तारेचा चौरस मिलिमीटरमधील आकार लिहून, त्याखाली जोडणी करणाऱ्या वायरमनची सही घ्यावी. आणि तोच कागद, बॅटरीचा मुख्य स्विच कोठे आहे या एका ओळीसह, सरकत्या दाराच्या आतल्या बाजूला मराठीत चिकटवावा. आपल्या पुरवणीच्या प्रतिनिधींनाही एक विनंती आहे: पुढच्या वेळी अशा गाडीचे छायाचित्र घेताना मालकाला पलंगाची गादी उचलायला सांगावी आणि एक छायाचित्र त्या पेटीचे, तिची नळी बाहेर जेथे उघडते त्या जागेसह, छापावे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वाहन-विद्युत पर्यवेक्षक,
पुणे